शेवटचा दगड होईपर्यंत

आमच्या बँडमध्ये ड्रम वाजवणाऱ्या बाईंना सगळे आत्या म्हणतात. मीही म्हणतो, आणि मी त्यांच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा आहे. खऱ्या आत्या त्या एकीच्याच, आमच्या गायिकेच्या, म्हणजे ताईच्या. पण तीन वर्षांची पोरं कुणाला एकदा एखाद्या नावानं हाक मारायला लागली की ते नाव पुसता येत नाही. गिटार वाजवतो तो ताईचा नवरा. आत्या त्याला जावईबापू म्हणतात, विशेषतः तो बेसूर झाला की. मी अ‍ॅकॉर्डियन वाजवतो. आधी शाळेत गाणं शिकवायचो, म्हणून मी मास्तर. असे आम्ही चौघं. दर शनिवारी सकाळी दहा वाजता टीव्हीवरून अर्धा तास लहान मुलांना नाचवायचं, हे आमचं काम.

आत्यांवर कुणीतरी लिहायला हवं होतं. मला सवय नाही, साधं पत्रसुद्धा मी तीनदा खोडून पाठवतो. पण त्या शनिवारी मी त्यांच्यापासून चार हातांवर उभा होतो, आणि बाकीचे दोघं सांगायला बसले की इतके हसतात की गोष्ट अर्ध्यावरच राहते.

आत्यांचं चौतीस वर्षं शिवणकामाचं दुकान होतं. शाळेचे गणवेश शिवायच्या. दिवसभर पाय मशीनवर, आणि टीप अशी की पट्टी लावून बघावी. हात थकले तेव्हा दुकान बंद केलं, पाय मात्र ठणठणीत राहिला. आमचा पहिला कार्यक्रम ताईच्या बालवाडीत होता. जावईबापूंच्या हत्तीच्या मुखवट्याचा कान फाटला होता, तो टाके घालून द्यायला आत्या आल्या होत्या. आमचा तेव्हाचा ड्रमवाला दाढ काढायला गेला होता, तो काही वेळेत येईना. पोरं समोर बसून चुळबुळ करायला लागली.

आत्यांनी दातातली सुई काढून बाहीला खोचली आणि विचारलं, "हा मोठा ढोल पायानं वाजवायचा असतो ना? माझा पाय रिकामाच आहे."

त्या बसल्या आणि अर्धा तास त्यांनी असा ठेका धरला की मी वाजवता वाजवता बोटं कुठं चाललीत तेच विसरलो. ड्रमवाला उत्तरार्धात आला. गाल धरून दारात उभा राहिला, मग तसाच गाल धरून पोरांबरोबर नाचला, आणि जाताना काठ्या आत्यांच्या हातात देऊन गेला.

आमची एक पद्धत आहे. कुठलंही नवं गाणं टीव्हीवर न्यायच्या आधी त्या बालवाडीत वाजवायचं. समोर तीन वर्षांचे वीस परीक्षक. गाणं आवडलं नाही तर ते तसं सांगत नाहीत, पाठ फिरवून बूट काढायला लागतात. पाच जोड निघाले की गाणं नापास. मी केलेल्या एका ढगाच्या गाण्याला सतरा जोड निघाले होते. उरलेल्या तिघांना बंद सोडता येत नव्हते, असं आत्या अजून चारचौघांत सांगतात.

'दगड' या गाण्याला मात्र एकही बूट निघाला नाही. गाणं एवढंसंच आहे:

हत्ती हलतो डुलूडुलू,
माकड हलतं चुळूचुळू,
आम्ही हलतो सगळे सगळे,
आता झालो दगड.

'दगड' म्हटलं की सगळं बंद. गाणं बंद, वाजवणं बंद, पोरं आहेत तिथं, आहेत तशी गार. मग आत्यांचा ढोल दोनदा वाजला, धब धब, की दगड सुटले आणि पुन्हा पहिल्यापासून धुमाकूळ. बालवाडीत एक चेंडूसारखा गोल मुलगा होता. सगळे थांबले तरी त्याचं पोट थोडा वेळ पुढं चालूच राहायचं. आत्या त्याच्यासाठी थांबल्या. तो पूर्ण दगड झाला, तेव्हाच धब धब. त्या पोराचा चेहरा असा फुलला, जणू त्यानंच सगळ्यांना सोडवलं होतं. तेव्हापासून नियमच पडला. शेवटचा दगड होईपर्यंत ढोल वाजायचा नाही.

आणि या नियमावरूनच गाडं अडलं.

टीव्हीच्या कार्यालयातून आमच्या कार्यक्रमावर एक तरुण साहेब नेमले गेले. माणूस सज्जन, बोलणं मऊ. एका बुधवारी तालमीला आले ते घड्याळ घेऊनच.

"आत्या, गेल्या चार शनिवारी तुमचा दगड चार, सात, पाच आणि नऊ सेकंद चालला," ते म्हणाले.

"नऊवाल्या शनिवारी एकाच्या नाकावर माशी बसली होती," आत्या म्हणाल्या.

"ते ठीक आहे, पण आपले चित्रवाले पडद्यावर दगडाचं चित्र हलवतात, ते बरोबर चार सेकंदांचं आहे. चित्रातला दगड उठून नाचायला लागतो आणि आपली मुलं अजून खालीच."

मग त्यांनी पिशवीतून एक यंत्र काढलं, जेवणाच्या डब्याएवढं. बटण दाबलं की त्यातून सगळे ड्रम वाजायचे, सेकंदाला सेकंद.

आत्यांनी ते उलटसुलट करून बघितलं. "माझा डबाही एवढाच आहे. पण त्यात जेवण असतं."

साहेब हसले, पण त्यांचं ठरलं होतं. "या शनिवारी तुम्हीच वाजवा. पुढच्या शनिवारपासून हे. आणि तुम्ही जायचं नाही बरं का, तुम्ही टाळ्या वाजवायला यायचं."

ताई भांडली. जावईबापूंनी हत्तीचं डोकं घालूनच राजीनाम्याची धमकी दिली, त्यामुळं ती कुणाला नीट ऐकू गेली नाही. सगळे गेल्यावर आत्या ड्रमवर कापड घालत होत्या, स्वतः शिवलेलं. कोपरे जुळवता जुळवता म्हणाल्या, "मास्तर, दुकानातली मशीन विकली तेव्हा मला काही वाटलं नाही. आता मात्र पाय रिकामा राहणार."

मला पुष्कळ काही बोलायचं होतं. तोंडातून निघालं ते असं: "टाळ्याही छान वाजवता तुम्ही."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी घरापर्यंत चालत गेलो आणि घरी पोचल्यावर आठवलं की सायकल तिथंच राहिली.

शनिवार उजाडला. स्टुडिओत तीस मुलं. आमचा कार्यक्रम थेट जातो, म्हणजे इथं जे घडतं ते त्याच क्षणी घराघरांत दिसतं. पहिली दोन गाणी झकास झाली. तिसरं 'दगड'.

ताईनं 'दगड' म्हटलं आणि सगळे गार झाले. ताईचा एक हात वर. जावईबापू हत्तीच्या डोक्यासकट एका पायावर. मी अ‍ॅकॉर्डियनचा भाता नुकताच पूर्ण उघडला होता, तो तसाच धरून. मिटला असता तर सूर निघाला असता. आत्यांच्या काठ्या हवेत.

आणि पहिल्या रांगेतून आवाज आला, उच्.

पिवळ्या मोज्यांची एक मुलगी होती, अडीच-तीन वर्षांची. बाकी सगळी दगड, पण दर थोड्या वेळानं खांदे वर उडत होते. उच्. तिनं बिचारीनं गाल फुगवून श्वास कोंडला. आम्ही सगळे तिच्याबरोबर श्वास कोंडून उभे. आता वाजणार, असं वाटलं आणि पुन्हा, उच्.

आत्या हलल्या नाहीत.

काचेपलीकडून साहेब हातानं चाक फिरवल्यासारखी खूण करत होते, चला, चला. आत्यांची नजर पिवळ्या मोज्यांवर. जावईबापूंची सोंड थरथरायला लागली. माझे दंड भरून आले. कॅमेरावाल्याला कुणी दगड व्हायला सांगितलं नव्हतं, पण तोही झाला होता. गंमत म्हणजे एकही मूल हसलं नाही. तीस मुलं अशी गंभीर उभी होती, की मोठ्यांच्या कुठल्या सभेत मी तेवढी शांतता बघितली नाही. उच्. मग बराच वेळ काही नाही. आणखी थोडा वेळ काही नाही. मुलीनं हळूच डोळे वर करून आत्यांकडे बघितलं.

धब धब.

साहेबांच्याच घड्याळाप्रमाणे एक्केचाळीस सेकंद झाले होते. स्टुडिओत असा जल्लोष उसळला की एका पोराचा बूट उडून माझ्या भात्यावर आदळला. मी तो चुकून सुरात घेतला.

आम्हाला माहीत नव्हतं ते हे. लांबच्या इमारतीत जिथून कार्यक्रम घरोघरी सोडतात, तिथं बसलेल्या माणसाला ना आवाज ऐकू येत होता, ना चित्र हलताना दिसत होतं. चित्रातला दगड चार सेकंदांत नाचून संपला होता, कॅमेरा ताईवरच खिळला होता आणि पहिल्या रांगेपाशी माईक नव्हता, त्यामुळं उचकी त्याच्यापर्यंत पोचतच नव्हती. चाळीस सेकंद त्यानं वाट बघितली, मग त्याला वाटलं, चित्र अडकलं. त्यानं 'व्यत्ययाबद्दल क्षमस्व' ही पाटी लावली. बरोबर पुढच्या सेकंदाला आत्यांचा ढोल वाजला. पाटी निघाली तेव्हा ताईचं हात धुण्याचं गाणं सुरू होतं.

म्हणजे घराघरांतल्या पोरांनी 'दगड' ऐकलं होतं. धब धब ऐकलंच नव्हतं.

कार्यक्रम संपला आणि कोपऱ्यातले दोन्ही फोन वाजायला लागले. एरवी आठवड्याला चार फोन येतात, त्यातले दोन ताईच्या आईचे. ताईनं एक उचलला.

"आमच्याकडे एक दगड आहे," एक बाई म्हणाली. "एक पाय बादलीत, एक बाहेर. वीस मिनिटं झाली. आत्या आल्याशिवाय हलणार नाही म्हणतो, तेही ओठ न हलवता."

ताईनं फोन थेट आत्यांसमोर नेला. मला वाटलं, आत्या लगेच वाजवतील. त्यांनी फोनमध्ये विचारलं, "पूर्ण झालाय का? हलत नाही ना कुठं?"

"पायाचा अंगठा हलतोय."

"मग थांबा."

आम्ही थांबलो. बाईही थांबली. "झाला," ती कुजबुजली. धब धब. पलीकडून बादली उलटल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

मग रांगच लागली. जुळे होते, त्यातला एक चमचा तोंडात घेऊन दगड. एक मुलगी दारातच दगड झाली होती, त्यामुळं तिचे वडील कामावर जाऊ शकत नव्हते आणि त्यांचं त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं. एक बाई म्हणाली, "माझा नवराही दगडच आहे, पण तो गेली बारा वर्षं. तुम्ही फक्त पोराचं बघा." दर वेळी आत्या विचारायच्या, हलतोय का, आणि दर वेळी थांबायच्या. जावईबापू कागदावर रेघा ओढत होते. एकतीस झाले आणि दुसरा फोन तसाच कोकलत होता.

साहेबांनी घाम पुसला. "असं कसं चालेल. एकेकाला दोन मिनिटं लागतायत. हा फोन मी घेतो." त्यांनी यंत्र टेबलावर ठेवलं, फोन उचलला आणि म्हणाले, "हं, ऐक बाळ." बटण दाबलं. धब धब. खरं सांगायचं तर आवाज हुबेहूब होता.

पलीकडून एका मुलाचा आवाज आला, इतका स्वच्छ की आम्हालाही ऐकू आला. "मी अजून झालोच नव्हतो."

"काय झाला नव्हतास?"

"दगड. मी आत्ता फोन धरत होतो. परत."

साहेबांनी पुन्हा दाबलं.

"काका, तुम्ही बघतच नाही आहात," तो म्हणाला. "नाकाला खाज येत होती. परत."

तिसऱ्यांदा साहेब बटणावर बोट ठेवून थांबले. कपाळाला आठ्या घालून, कान लावून, जणू फोनमधून नाक दिसणार होतं. मग त्यांनी बोट उचललं, खुर्चीसकट वळले आणि फोन आत्यांपुढं धरला. "तुम्हीच बघा. मला कळत नाही तो कधी होतो ते."

"विचारायचं," आत्या म्हणाल्या, आणि त्यांनी विचारलं. "झालास का रे?"

बराच वेळ पलीकडे काहीच नाही. आत्या ओठ मिटून, मान तिरकी करून ऐकत होत्या. साहेबांनी खिशातून घड्याळ काढलं, बघितलं आणि तसंच परत ठेवलं.

धब धब.

शेवटचा फोन एका आजोबांचा होता. नातवंडं केव्हाच कंटाळून खेळायला गेली होती. "मीच राहिलोय," ते म्हणाले. "वाकून झालो होतो. तुम्ही वाजवाल तर बरं, नाहीतर कंबरेचं काही खरं नाही."

निघताना साहेबांनी चित्रवाल्याला बोलावून सांगितलं, "चार सेकंदांचं चित्र काढून टाका. नुसता दगड दाखवा. तो कितीही वेळ दाखवता येतो." मग आत्यांकडे न बघता म्हणाले, "पुढच्या शनिवारी वेळेवर या, आत्या."

"टाळ्या वाजवायला?"

"ड्रम कोण वाजवणार मग? मी?"

आत्यांनी कापड उचललं, कोपरे जुळवले, आणि कापडाखाली त्यांचा उजवा पाय अजून हळूहळू चालूच होता. यंत्र साहेब विसरून गेले. ते आता फोनखाली ठेवलंय, फोन थोडा उंच येतो.

मी मात्र सायकलवर बसायला गेलो तर हात वर जाईनात. एक्केचाळीस सेकंद उघडा भाता धरून दोन्ही खांदे धरले होते. मी तसाच उभा बघून आत्या पायऱ्यांवर थांबल्या.

"मास्तर, तुम्ही अजून दगडच?"

मी मान हलवली. त्यांनी इकडंतिकडं बघितलं, ड्रम तर वरती राहिले होते. मग त्यांनी दोन टाळ्या वाजवल्या. छान वाजवल्या.