घुंगरं मुठीत

पाणथळीच्या कडेला आला की तो भाला खाली घ्यायचा, त्यावरची घुंगरं डाव्या मुठीत गच्च धरायचा आणि हलक्या पावलानं निघायचा. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "गप. बाळंतीण बसलीय."

बाळंतीण म्हणजे पाणकोंबडी, लव्हाळ्यात घरटं करून बसलेली. हसू नका. पहिल्यांदा मीही हसलो होतो.

तो हरकारा; जव्हारहून खोडाळ्याला टपाल त्याच्या पाठीवरून यायचं. संस्थानातला तो सगळा मुलूख तेव्हा रानच होता. हरकाऱ्याच्या भाल्याला घुंगरं असायची ती जनावरानं बाजूला व्हावं आणि माणसांना टपाल आल्याचं कळावं म्हणून. वाट संपेपर्यंत ती बंद करायची नाहीत, असा खात्याचा दंडक. खोडाळ्याच्या टपालात मी मास्तर, त्यामुळे दुपार झाली की माझे कान तिकडे. डोंगर उतरताना घुंगरं वाजत, गावाखालच्या पाणथळीशी गप्प होत आणि चढावर पुन्हा सुरू होत. पावसाळा लागल्यापासून भादवा सरेपर्यंत रोज हेच. मधल्या शांततेत माझं पान लावून व्हायचं.

एकदा चिडून मी म्हणालो, "अरे बाबा, वाघ समोर आला तर त्याला काय सांगशील?"

"त्यालाबी सांगन, गप जा म्हणून."

आता अशा माणसाशी काय डोकं लावायचं?

भादव्यातल्या एका सुट्टीला तो मला पाणथळीवर घेऊन गेला. ओल्या कातळावर सीतेच्या आसवांची फुलं जांभळी पसरली होती, कडेला तेरडा दाटला होता, पाण्यावर चतुर भिरभिरत होते. त्यानं सगळ्यांची ओळख सोयऱ्यांसारखी करून दिली. "ही टिटवी, लई भांडखोर. ही ढोकरी, दिसभर नुस्ती उभी. आपल्या पाटलावानी." मग लव्हाळा हलला. पांढऱ्या छातीची पाणकोंबडी बाहेर आली आणि मागून काळ्या कापसाच्या बोळ्यांसारखी पिलं. तो तिथेच उकिडवा बसला.

"आमच्या पाड्यात बाळंतिणीच्या दारावरनं ढोल नेला तरी मुका नेत्यात, मास्तर," तो म्हणाला. आणि मग, मी काही विचारलं नसताना, "आमचं एकबी जगलं नाय."

त्या दिवसापासून माझा त्याच्यावर जीव जडला. सांगायला लाज कसली?

त्याची बायको मोठी फटकळ. भाकर घेऊन टपालाच्या ओट्यावर यायची आणि त्याच्या देखतच मला गाऱ्हाणं सांगायची. "मास्तर, लगनाची बायको घरी, नि ह्यो रोज सवतीकडं जातो. लव्हाळ्यात र्‍हाते ती." तो खाली मान घालून भाकर खात राही. कान मात्र लाल झालेले असत.

पुढं खात्याचे तपासनीस घोड्यावरून त्याच्या मागोमाग आले आणि घुंगरं गप्प झालेली त्यांनी पाहिली. टपालात येऊन बजावलं, "पुन्हा बंद केलीस तर पट्टा उतरवीन." पितळी बिल्ल्याचा तो पट्टा म्हणजे दोघांचं पोट. जमीन नाही, जनावर नाही. मी त्याला बाजूला घेऊन विनवलं, "तेवढी पाणथळ वाजवत ये रे. पाखरू काही मरत नाही."

"पाखरू उठतं, मास्तर. कावळा टपूनच असतो."

तपासनीस पुन्हा आले, या वेळी न सांगता, आणि माझ्या ओट्यावर बसून राहिले. डोंगरावरून घुंगरं उतरू लागली. मी मनात म्हणत होतो, आज वाजव, एवढं आजच्या दिवस वाजव. पाणथळीशी ती थांबली.

पट्टा त्यानं स्वतःच सोडला. बिल्ला धोतराच्या सोग्यानं पुसून माझ्यापुढे ठेवला. "नीट ठेवा. पितळ काळं पडतं," म्हणाला आणि गेला. मला रडू आवरेना.

नवा हरकारा मोखाड्याचा, भला माणूस, वाटभर वाजवत यायचा. आमचा माणूस लोकांचं गवत कापू लागला. टपालाची वेळ झाली की विळा टाकून तो गावाच्या वरच्या अंगाला निघून जायचा, ऐकू येऊ नये म्हणून. त्याच थंडीत तापानं गेला.

पुढच्या भादव्यात एका दुपारी मी पान लावत होतो. घुंगरं डोंगर उतरली, पाणथळीशी आली आणि थांबली. पान हातातच राहिलं. मी तसाच अनवाणी खाली धावलो.

वाटेवर नवा हरकारा भाला आडवा धरून उभा होता. आमच्या माणसाची बायको त्याच्या घुंगरांना पळसाचं पान गुंडाळून वेलानं बांधत होती.

"मास्तर, माझा पट्टा जाईल हो," तो म्हणाला.

"मी ओट्यावर आहे. मला घुंगरं ऐकू आली," मी म्हणालो. "जा तू."

तो हलक्या पावलानं पुढं गेला. तिनं डोळ्यांना पदर लावला, लव्हाळ्याकडे बघितलं.

"सवत झाली म्हणून काय झालं," ती हळूच म्हणाली. "तिचं बाळंतपण आता मलाच कराया होवं."