क्लचची स्प्रिंग

कर्जतहून तार आली तेव्हा मी नगरच्या घरी दाढी करत होतो. धाकट्या बहिणीचं तिसरं बाळंतपण, म्हणून ती या वेळी सासरीच राहिली होती. ताप उतरत नाही, आईला घेऊन ताबडतोब या, एवढाच मजकूर. मी तार आईला वाचून दाखवली आणि उरलेली दाढी पूर्ण केली. माणूस अशा वेळी घाबरतो असं म्हणतात. मला काहीच वाटलं नाही, आणि काही वाटत नाही याचंही नवल वाटलं नाही.

कर्जतकडची सर्व्हिस मोटार सकाळीच निघून गेली होती. दारात वडिलांची गाडी होती. छावणीतल्या कुणा गोऱ्या साहेबाने वापरून वापरून विकलेली, आणि वडिलांनी मुलासारखी सांभाळलेली. वडील आदल्या वर्षी गेले. लढाईमुळे पेट्रोल कुपनावर मिळे, त्यामुळे गाडी बहुतेक उभीच असे. मी ओळखीच्या डॉक्टरांकडून एक डबा पेट्रोल आणलं. परत येतो तो आई मांडीवर गाठोडं घेऊन मागच्या सीटवर बसलेली. "चल," म्हणाली.

नगर सोडून सोलापूर रस्त्याला बरंच अंतर गेलो. सपाटीवर ठीक होतं. मग एक चढ लागला आणि इंजिन एकाएकी ओरडायला लागलं. आवाज वाढत गेला, गाडी मात्र मंदावत मंदावत थांबली.

"काय झालं रे?"

"बघतो."

आईला मी रस्त्याकडेच्या लिंबाखाली बसवलं आणि गाडीकडे आलो. आधी वाटलं, क्लचचा पेडल अडकला असेल. हाताने उचलून पाहिला, पुरता वर येत होता. स्प्रिंग शाबूत होती. मग हँडब्रेक ओढला, गाडी वरच्या गिअरमध्ये टाकली आणि क्लच सोडला. इंजिनाने गचका खाऊन बंद पडायला हवं होतं. ते आपलं खुशाल चालू राहिलं. म्हणजे क्लच घसरत होता. त्या जुन्या गाडीचा क्लच कातड्याचा होता. इंजिनाच्या चाकाच्या पोटात कातडं घट्ट बसायचं, तेव्हा कुठे गाडी ओढायची.

पायाखालची फळी उचलली आणि वास आला. एरंडेल. दर रविवारी आम्हा भावंडांची नाकं दाबून पाजलं जाई, तेच. कातड्यावरून तेल निथळत होतं.

हे कुणी केलं ते विचारायची गरज नव्हती. लांबच्या प्रवासाला निघायच्या आदल्या संध्याकाळी वडील फळी उचलून, कातडं कडक पडू नये म्हणून क्लचला एरंडेल देत. वाटी आईकडूनच मागून नेत. पण ते पिसाने दोन-चार थेंब फिरवत, वाटी तशीच परत आणत, आणि कातडं रात्रभर मुरू देत. आईला वाटी दिसली होती, पीस दिसलं नव्हतं. मी पेट्रोल आणायला गेलो तेवढ्यात तिने वडिलांचं काम उरकलं होतं, तेही भरल्या वाटीने.

समोरच्या वस्तीवरून एक शेतकरी आला. मी त्याच्याकडे राख मागितली.

"राख व्हय? हाय की. भांडी घासायची हाय, चालंल का?"

चालली. पेट्रोलमध्ये भिजवलेल्या फडक्याने कातडं पुसलं, वर राख चोळली, पुन्हा पुसलं, पुन्हा चोळली. उन्हं कलली. आई दोनदा उठून उभी राहिली आणि दोन्ही वेळा खाली बसली. शेवटी तिने तिथूनच विचारलं, "काय मोडलं म्हणायचं?"

"स्प्रिंग," मी म्हणालो. "क्लचची स्प्रिंग तुटलीय."

गाडी चढ चढली.

कर्जतला पोचलो तेव्हा अंगणात माणसं उभी होती. बहिणीच्या सासूबाईंनी आईला धरलं. "आत्ताच गेली हो. दुपारपासून सारखी विचारत होती, गाडीचा आवाज येतोय का."

आई रडली नाही. तिने माझ्याकडे बोट केलं. "याने स्प्रिंगसुद्धा बघून ठेवली नव्हती," ती सगळ्यांना म्हणाली. "मी निघताना आठवणीने तेल घातलं. हे असते तर गाडी थांबती का?"

मी मान खाली घातली. तेव्हाही मला काही वाटलं नाही. हाताला एरंडेलाचा वास येत होता म्हणून विहिरीवर जाऊन माती लावून हात धुतले.

पुढे भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तिने हे सांगितलं. मावशीला, शेजारणींना, माझ्या बायकोला तर कितीदा. बायकोला खरं काय ते ठाऊक होतं. एकदा ती तोंड उघडणार इतक्यात मी तिच्याकडे पाहिलं, तेव्हा ती ताट उचलून आत गेली. गाडी मी त्याच साली विकून टाकली. आईचं माझ्याशी बोलणं जेवणाखाण्यापुरतं उरलं.

काही वर्षांनी ती अंथरुणाला खिळली. एक दिवस मी तिची उशी सारखी करत होतो, तिने माझं मनगट धरलं. हातात जोर नव्हता.

"त्या स्प्रिंगचं मी आता मनात ठेवलेलं नाही हं," ती म्हणाली. "तूही ठेवू नकोस. चूक माणसाच्याच हातून होते."

"बरं," मी म्हणालो.