कोबीचा वरचा पाला

कथा लिहायला शिकवणारी जगातली सर्वांत थोर बाई उमेळ्याहून येते, आमच्या एव्हरशाईन सिटीतल्या इमारतीखाली भाजी मांडून बसते आणि स्वतः सहीपलीकडे काही लिहीत नाही. मी तिला मावशी म्हणतो. दोन महिने ऑनलाइन कथा-कार्यशाळा करूनही माझ्या डोक्यात जे शिरलं नाही, ते या बाईनं भाजी निवडता निवडता शिकवलं.

तिची गोष्ट कधीच सुरुवातीपासून सुरू होत नाही. "तर त्यानं ताट भिंतीवर मारलं," असं म्हणून ती खुशाल वांगी तोलायला लागते. कोणी मारलं, का मारलं हे कळेपर्यंत पाव किलोला आलेल्या बायका दोन किलो घेऊन जातात. आणि गोष्टीतला माणूस काय जेवला, हे ती सांगणार म्हणजे सांगणारच. "जेवला नाय तो मानूस खरा कसा वाटंल रे?" मी थक्क होऊन ते वहीत उतरवून घेतलं.

बाबा गेल्यावर मी त्यांच्यावर कथा लिहिली. वर्षभर तेच एक वेड. तीन संपादकांकडून ती साभार परत आली, तेव्हा वाटलं, बाबा आता शब्दांतूनही हातचे गेले. शेवटी धीर करून मावशीला वाचून दाखवली. तिचे हात कोबीची वरची पानं काढत होते. माझं पहिलं पान संपलं, त्यात नुसता संधिप्रकाश होता.

"हे फेक. वरचा पाला मी गिऱ्हाइकाला देत नाय."

मी निमूटपणे पुढे वाचलं. कथेतले बाबा जाताना म्हणतात, 'माणूस म्हणून जग.' मावशीचे हात थांबले.

"असं बोलले ते?"

"नाही."

"मग काय बोलले?"

"पंखा कमी कर, म्हणाले."

"केलास?"

मी नकारार्थी मान हलवली. 'करतो' म्हणून मी मोबाइलमध्येच डोकं घालून बसलो होतो. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, आईलाही नाही. मावशीनं धीर दिला नाही की दोष दिला नाही. "हे लिव," एवढंच म्हणाली.

त्याच दुपारी लिहिलं. जेमतेम एक पान झालं. तीन प्रश्नांत माणसाला उघडं करणाऱ्या त्या बाईपुढे मी आजही मनातून हात जोडतो. ते पान आईला दिलं. तिनं चष्मा लावून सावकाश वाचलं, उलटून मागे काही आहे का तेही पाहिलं.

"मी केला होता रे कमी," ती म्हणाली. "तुझं लक्ष नव्हतं."