आखूड रेघेवरची काट

…नाही गं गवरे, गुळमुळीत लिहू नकोस. "सासऱ्यांनी चोरल्या" असंच लिही. माझेच सासरे होते, मी नाही सांगणार तर कोण? ते गेले, केसीकाकी गेली, ज्या सांडण्यांवरून, उंटिणींवरून झालं त्याही गेल्या. डाग तेवढा राहिलाय, आणि आता तुझा बाप त्याच्याच मागे लागलाय. म्हणून म्हणते, लिही.

केसीकाकी म्हणजे माझी चुलतसासू. बुटकी, काळी, हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके, आणि जीभ अशी की उंटसुद्धा वाट सोडील. आम्ही राईका, उंट पाळणारे, आमच्यात उंट कुणाचा हे माणसाला नाही विचारत, त्याच्या मांडीवरच्या डागाला विचारतात. काकी तर लांबच्या टेकडीवरून जाणाऱ्या उंटाकडे बघून सांगायची, "हा पलीकडच्या ढाणीचा, त्या वस्तीवरचा. आणि डागणाऱ्याचा हात हललाय, अफू चढली असणार मेल्याला."

आमच्या घराचा डाग चंद्रकोर. भाऊ वेगळे झाले तेव्हा थोरल्यानं, म्हणजे माझे सासरे लुंबाजी, त्यांनी कोरीखाली दोन रेघा घेतल्या. धाकट्यानं, काकीच्या नवऱ्यानं, एकच. पिल्लू असतानाच डाग द्यायचा, तो जन्मभर.

काका साप चावून गेले. मूलबाळ नाही. "एकटी बाई कुठं चारायला नेणार," म्हणून तिच्या नऊ सांडण्या सासऱ्यांनी आपल्या कळपात घेतल्या. आणि त्याच उन्हाळ्यात नवांच्याही मांडीवर आणखी एक रेघ ओढली. एकाच्या दोन झाल्या. सांडण्या लुंबाजींच्या!

काकी रडली नाही. पौषात तिनं पंच बसवले. खेजडीच्या झाडाखाली चूल, चुलीवर चहा, म्हातारे ओंजळीतून अफूचं पाणी पिताहेत. आता आमच्यात बाई थोरल्या दिरासमोर तोंड उघडत नाही, मग पंचांत काय बोलणार कपाळ? सासऱ्यांना हे पक्कं ठाऊक. मिशीला पीळ देत बसलेले.

काकी आली ती घुंघट छातीपर्यंत ओढून, धोळकी सांडणीला धरून. पुरुषांकडे केली पाठ, आणि बोलायला लागली सांडणीशीच.

"बस बाई धोळके, खाली बस. तुला म्हणे जन्मापासून दोन रेघा आहेत. बघू तरी. कुणी पाणी देतंय का?"

कुणी हलेना. मी तेव्हा सतराची, लुंबाजींच्याच घरची नवी सून, बायकांत मागे बसलेली. मला काय झालं कुणास ठाऊक. उठले, भर पुरुषांतून चालत गेले आणि लोटा तिच्या हातात दिला. पुढे चार दिवस घरात माझ्याशी कुणी बोललं नाही. बरंच झालं, तेवढीच कानाला विश्रांती.

काकीनं मांडी भिजवली. केस चिकटले, डाग वर आले. मग बाही सरकवून स्वतःचा हात तिनं सांडणीच्या डोळ्यापुढे धरला.

"हे माझं गोंदण. पाच वर्षांची होते तेव्हा चिंचोक्याएवढं होतं, मी वाढले तसं पसरलं. तुझी ही वरची रेघ बघ. पिल्लू होतीस तेव्हा बोटभर होती, आता वीतभर झालीय. आणि ही खालची? बोटभर ती बोटभरच. का गं, हिला उपाशी ठेवलंस का?"

पंचांत कुणीतरी फिस्सकन हसलं.

"आणि कडा कशी फाटलीय बघ, माश्या बसून चिघळलेली. माश्यांच्या दिवसांत, भर उन्हाळ्यात कोण डागतं गं धोळके? ज्याला घाई असते तो."

वेलाजी म्हणून मुख्य पंच होते. ते उठले, नवांच्याही मांड्यांवर वीत लावून आले. म्हणाले, "लुंबा, सांडण्या तुझ्या नाहीत." मी घुंघटात हसले. पण म्हातारा पुढे म्हणतो, "मात्र बाईला डाग नसतो. धाकट्याचा डाग त्याच्याबरोबर गेला. आणि जळलेलं काही पुसता येत नाही. तेव्हा राहू देत लुंबाच्या दोन रेघांखाली. दूध तुला मिळेल."

"ऐकलंस धोळके?" काकी म्हणाली. "दूध माझं आणि मांडी त्यांची."

आणि तिनं काय केलं, चुलीवरचं चहाचं भांडं उचलून खाली ठेवलं. कमरेला खोचलेलं नवऱ्याचं डागायचं लोखंड काढलं आणि निखाऱ्यात खुपसलं.

"अगं, बाईच्या हातचा डाग लागला तर कळप वांझ होतो!" वेलाजी ओरडले.

"धोळके, वांझेला वांझपणाची भीती घालतात बघ हे."

लोखंड लाल झालं. त्या आखूड रेघेवर तिनं तिरकी काट मारली. एकच, हात न हलता. सांडणी ओरडली, काकीनं तिच्या मानेवर थोपटलं. "पुसता येत नाही ना? कापता येतं." नवांच्या नवांना मारली. अडवायला कुणी उठलं नाही. चहा मात्र गार झाला सगळ्यांचा. आणि वांझ कसला, पुढच्या हिवाळ्यात पाच जणी व्याल्या.

नव्या पिल्लांनाही तिनं तोच डाग दिला. कोर, लांब रेघ, आखूड रेघ, वर काट. सासरे थकले तेव्हा मलाच पाठवलं, "म्हणावं, पिल्लांना तरी साधी एक रेघ दे. माझी लाज साऱ्या मुलखात चरत फिरतेय."

मी सांगितलं. काकी म्हणाली, "मी कुठं काय बोलते? थोरल्या दिरासमोर तोंड तरी उघडते का मी? सांडण्या बोलतात."

मरताना तिनं सांडण्या आणि लोखंड माझ्या हवाली केलं. माझ्या नवऱ्याच्या, तुझ्या आजोबांच्या नाही. "लोटा तू दिलास," एवढंच बोलली.

आणि आता तुझा बाप म्हणतो, यंदाच्या तीन पिल्लांना काट नको, त्याच्या आजोबांची, लुंबाजींची बदनामी किती पिढ्या करायची. बदनामी काटेनं झाली का रेघेनं, विचार त्याला. बाजरीच्या मडक्यात हात घालून लोखंड शोधत होता परवा, मला दिसत नाही असं वाटतं त्याला. ते माझ्या उशाखाली आहे.

उद्या पीठ घेऊन कळपाकडे जाशील ना, तेव्हा हे सगळं त्याला वाचून दाखव. आणि म्हणावं, निखारे पेटवून ठेव, आई येतेय. गुडघे गेले तिचे, पण डागताना हात अजून हलत नाही.