मासे अनारशाने मेले नाहीत

आमच्या टाकीतले मासे जावयाच्या अनारशाने मेले नाहीत. ते मी मारले. गेली पाच-सहा वर्षं हे सांगायचं राहून गेलं, म्हणजे मीच राहू दिलं.

माझी सगळी नोकरी अंबडच्या एका कारखान्यात बाहेरून आलेला माल तपासण्यात गेली. पेटी उघडून दहा नग मोजून पाहिल्याशिवाय मी एक बोल्ट आत जाऊ दिला नाही. पुरवठादार मला शिव्या द्यायचे आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. घरात मात्र मी जे केलं, ते दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी त्याला गेटबाहेर काढलं असतं.

टाकी बायकोची. चार वर्षं जपलेली. पाणी नितळ, झाडं रुजलेली, आणि मधोमध एक जाडजूड गोल्डफिश, ज्याला ती भाऊसाहेब म्हणायची. माझ्याशी ती इतक्या आदराने कधी बोलली नाही. तेव्हा अधिक महिना होता आणि जावई जेवायला यायचे होते. टाकी जरा भरलेली दिसावी म्हणून मी सकाळीच चार काळ्या मॉली आणल्या. दुकानदाराने नीट समजावलं होतं की नवे मासे आधी दोन आठवडे वेगळ्या बादलीत ठेवा, मग पिशवी अर्धा तास टाकीत तरंगू द्या, आणि पिशवीतलं पाणी आत पडू देऊ नका. मी मान डोलावली. घरी आलो तर बायको आतून विचारत होती, पाट कुठे ठेवलेत. मी कात्रीने पिशवी कापली आणि पाण्यासकट सगळं ओतलं. एका मॉलीच्या अंगावर बारीक पांढरे ठिपके होते. मला वाटलं, नक्षी आहे.

दुपारी तेहेतीस अनारशांचं ताट जावयापुढे आलं. जेवणं झाल्यावर त्यांनी एक अनारसा हळूच टाकीत सोडला. माशांनाही सणाचं काहीतरी, असं ते नंतर म्हणाले. संध्याकाळी पाण्यावर तुपाचा तवंग होता आणि खसखस तरंगत होती.

आठवड्याभरात सगळे मासे पांढऱ्या ठिपक्यांनी भरले, दगडांवर अंग घासायला लागले आणि एकेक करून गेले. भाऊसाहेब सगळ्यात शेवटी. बायकोने चष्मा लावून टाकीत पाहिलं आणि निकाल दिला, खसखस चिकटलीय अंगाला.

मी दुकानात जाऊन विचारून आलो होतो. तो ठिपक्यांचा रोग होता, नव्या माशांबरोबर आलेला. पण परत येईपर्यंत आरोपी ठरला होता, आणि तो मनमाडला रेल्वेत नोकरीला होता, म्हणजे सोयीस्कर लांब. मी म्हणालो, "खसखस फार चिवट असते." हे वाक्य मला अजून टोचतं.

त्यानंतर टाकीत नवे मासे आले, पण जावई आले की टाकीवर टॉवेल पडायचा. मुलगी त्यांना सगळ्यांसमोर विचारायची, खिसे रिकामे आहेत ना? पुढच्या अधिकात बायकोने त्यांना बत्तासे वाढले. जाळीदार काहीही चालतं, असं तिचं म्हणणं, आणि बत्ताशाला खसखस नसते.

यंदाच्या अधिकात ते आले आणि स्वतःहून टाकीकडे पाठ करून बसले. बायको आत गेल्यावर मला हळूच म्हणाले, "बाबा, आईंना चालणार असेल तर मी दोन मासे आणू का? की माझ्या हातचे नको वाटतील?"

मग मात्र मला राहवेना. बायकोला बाहेर बोलावलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं, पिशवी, कात्री, मॉली.

"नक्षी?" ती म्हणाली.

"हो."

"जन्मभर लोकांचे बोल्ट परत पाठवलेत तुम्ही."

एवढं बोलून ती जावयाकडे वळली. "जावईबापू, आजचं जेवण धरू नका. मी आत्ता तांदूळ भिजत घालते. पुढच्या रविवारी या, अनारसे करते. तेहेतीसच्या तेहेतीस."

त्यांचा चेहरा उजळेल असं मला वाटलं होतं. तो पडला. निघताना जिन्यात त्यांनी मला थांबवलं. "बाबा, मला अनारसा आवडत नाही. त्या दिवशी नववा जाईना, म्हणून टाकीत टाकला होता."

मी म्हणालो, मग सांगा तसं आईंना. ते म्हणाले, तुमचं काय झालं ते आत्ताच पाहिलं.

रविवारी ते आले. बायकोने टाकीवरचा टॉवेल काढून धुवायला टाकला होता. ताट मांडलं, त्यांना ओवाळलं, आणि स्वतः शेजारी उभी राहून आग्रह करत राहिली. मला ताटाच्या आसपास फिरकू दिलं नाही. जावई पाठ ताठ करून खात होते. सातवा संपला. आठवा हातात घेतल्यावर त्यांची नजर एकदाच, अगदी ओझरती, टाकीकडे गेली.

बायकोने खुर्ची उचलली आणि त्यांच्या आणि टाकीच्या मधोमध ठेवून बसली.

"सहजच," ती म्हणाली. "इथे पंख्याचा वारा लागतो. घ्या ना तुम्ही."