अवधूतची साठ शब्दांची खुशाली

आमच्या बॅचची खुशाली मी लिहिते. सत्त्याण्णव साली एमबीए होऊन बाहेर पडलेले आम्ही चोपन्न जण. दर दिवाळीला प्रत्येकाने साठ शब्दांत आपली खबर मला पाठवायची आणि मी ती नीटनेटकी करून पुस्तिका काढायची, हा आमचा रिवाज. कोण कुठे बदलून गेलं, कुणाचं पोर कॅनडाला पोचलं, कुणाकडे सून आली. हे काम मला कुणी दिलं नव्हतं, मीच अंगावर ओढून घेतलं. नवीन पनवेलच्या फ्लॅटमध्ये बसून चोपन्न संसारांना इस्त्री करायची मला भारी हौस.

इस्त्री म्हणते ते उगाच नाही. एकीने लिहिलं, घटस्फोट झाला. मी नवऱ्याचं नाव गुपचूप गाळलं. एकाने लिहिलं, धंदा बुडाला. मी छापलं, 'नव्या क्षेत्राच्या शोधात.' कुणी तक्रार केली नाही. उलट 'विनिता, तुझ्या लिहिण्यात गोडवा आहे गं' म्हणायचे, आणि मी फुगायचे.

अवधूत कोळी आमच्यातलाच. मूळचा उरणजवळच्या मोऱ्याचा. वडील बुधाजी मासेमारी करायचे, आणि घरात कॉलेजची पायरी चढलेला हा पहिलाच. मुंबईला यायचा तो लाँचने, मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला. समुद्र खवळला की याची दांडी. 'आज अवधूतची बोट बुडाली!' म्हणून आम्ही वर्गात ओरडायचो. काय पण विनोद! डब्यात जवळ्याची चटणी असायची. आधी नाकं मुरडणारेच दोन मिनिटांत डबा पुसून रिकामा करायचे आणि तो बिचारा कँटीनचा वडा खायचा. कधी चिडला नाही. चिडायला हवं होतं त्याने.

बाकीचे बँकांत गेले, साबण-शांपूच्या कंपन्यांत गेले. हा जासईच्या एका कंटेनर यार्डात लागला. आम्हाला ते जरा कमीपणाचंच वाटलं, खोटं कशाला बोलू. पण गडी कामाचा पक्का. हजारो कंटेनरांतला कुठला डबा कुठल्या रांगेत आहे ते ऑफिसात बसून सांगायचा. यार्डाचा मॅनेजर झाला. पनवेलला घर केलं. बायको मैना उरणची, मासळी विकणाऱ्या घरातली. लग्नातच त्याने तिला शब्द दिला होता, 'आता तू पाटी डोक्यावर घ्यायची नाहीस.' एक मुलगी, रिया. खुशालीत दरवर्षी त्याच्या दोन ओळी यायच्या, सगळं ठीक आहे म्हणून, आणि मला त्यात काही करावंच लागायचं नाही.

मग यार्ड विकलं गेलं. नवे मालक आपली माणसं घेऊन आले आणि पन्नाशीला आलेल्या अवधूतला त्यांनी नारळ दिला. हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. दीड वर्ष त्याने तोंडातून ब्र काढला नाही. दोन हजार तेवीसच्या दिवाळीला त्याचा मेसेज आला. तो मला पाठ आहे.

'जासईच्या यार्डात पंचवीस वर्षं काढली. दीड वर्षापूर्वी नोकरी गेली. सध्या घरीच आहे. कंटेनर यार्डातलं कुठलंही काम करीन, हुद्दा आणि पगार मिळेल तो. कुणाला काही समजलं तर कृपा करून फोन करा. रिया बारावीला आहे. मैना बरी आहे.'

 मला वाटलं, अरे, हे काय मांडलंय चारचौघांत! उद्या याला पस्तावा होईल, लोक याची कीव करतील. खूप विचार केला असंही नाही, सवयीने हात चालला. मी छापलं: 'पंचवीस वर्षांच्या यशस्वी कारकिर्दीनंतर अवधूतने विश्रांती घेतली असून सध्या तो कुटुंबाला वेळ देत आहे. कन्या रिया बारावीत.' पुस्तिका सगळ्यांना गेली. अवधूतने मोबाईलवर नुसतं हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं. मी समजले, आभार मानतोय. किती शहाणी मी!

पुढच्या दिवाळीला त्याचं काहीच आलं नाही. मी त्याचं नाव सोडून दिलं आणि पुढे गेले.

परवा फेब्रुवारीत पनवेलच्या उरण नाक्याच्या मासळी बाजारात बोंबील घ्यायला वाकले होते, भाव करत होते, तर समोरची बाई म्हणाली, "विनिताताई ना तुमी? मी मैना. रियाची आई."

समोर पाटी, हातात कोयता.  अहो वहिनी, तुम्ही इथे, असं काहीतरी पुटपुटले.

"रियाचे पप्पा घरीच हायत," ती म्हणाली. "काम मिलला नाय, म्हणून एका यार्डाच्या गेटवर लागले, गाड्यांचे नंबर लिवायला. बारा तास उभा. मे महिन्यात तिथंच पडले, लकवा मारला. उजवा हात गेला, पाय वढतात." बोलता बोलता बोंबील साफ करत होती. "तुमच्या पुस्तकात लिवला होता त्यांनी, काम पायजे म्हणून. दोन महिने फोन हातातून खाली ठेवला नाय. चोपन्न मानसा तुमी. एकाला बी फोन करवला नाय?"

तिला वाटत होतं, ते छापून आलं होतं. मी पिशवी घेतली आणि पळाले. हो, पळालेच.

घरी येऊन सत्यजीतला फोन लावला. आमच्यातला सगळ्यात मोठा झालेला हा, एका मालवाहतूक कंपनीचा प्रमुख. त्याला सगळं सांगितलं.  तो म्हणाला, "अगं वेडे, त्याच दिवाळीत मला उरणकडे यार्ड सांभाळायला माणूस हवा होता. चार महिने शोधत होतो. अवधूतचंच नाव आधी आठवलं. मग तुझी पुस्तिका बघितली. म्हटलं, महाराज आरामात आहेत, कशाला त्रास द्या."

"आणि आता?"

"आता तो उभा राहू शकतो का?" त्याने विचारलं. मी फोन ठेवला.

रविवारी दुपारी अवधूतकडे गेले. खिडकीशी खुर्चीत बसला होता, उजवा हात मांडीवर ठेवलेला. तोंड थोडं वाकडं झालंय, बोलतो सावकाश, पण स्वच्छ. मैना आत चहा करत होती. मी बसल्या बसल्या ओकून टाकलं. तुझा मेसेज मी बदलला, कुणीच वाचला नाही, कुणी तुला टाकलं नव्हतं रे.

"ते मला माहीत आहे," अवधूत म्हणाला. "मी पुस्तिका वाचली होती."

"मग मला शिव्या का नाही घातल्यास? एक फोन करायचास!"

"मला वाटलं, तू सांगतेयस, असलं काही इथे मांडू नकोस म्हणून. तुमच्यात ते बसत नाही." त्याने आतल्या खोलीकडे एकदा बघितलं. "एवढं लिहायला मला आठ दिवस लागले होते, विनिता. परत लिहायची ताकद नव्हती. मैनाला वाटतं छापून आलं. मी तसंच वाटू दिलं."

मग त्याने तेच विचारलं ज्याची मला भीती होती. "छापलं असतंस, तर काही झालं असतं का?"

माझ्या जिभेवर तयार होतं, नाही रे, तेव्हा कुणाकडेच काही नव्हतं. तीस वर्षांची सवय. पण या वेळी दात आवळले आणि खरं सांगितलं. सत्यजीत, उरण, चार महिने.

अवधूतने डाव्या हाताने उजवा हात उचलून नीट ठेवला. "दिवाळीनंतर चार महिने," तो म्हणाला. "गेटवर मी जानेवारीत लागलो." डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ते त्याने पुसलंही नाही.  त्याच्या पायाशी कोसळावंसं वाटत होतं, पण त्यानेही काय होणार होतं? आत कपबशा वाजल्या तसा तो घाईने म्हणाला, "हे मैनाला सांगू नकोस. नशिबात नव्हतं असं समजून ती रोज पहाटे उठते. हे कळलं तर नाही उठणार."

मैना चहा घेऊन आली. त्याचं तोंड पदराने पुसलं, जेवताना पुसते तसं. मग माझ्यासमोर खाली बसली.

"विनिताताई, एक विचारू? खरा सांगा. तवा कुणाकडंच काम नवता ना?"

अवधूत माझ्याकडे बघत होता.

"नव्हतं, वहिनी," मी म्हणाले. "कुणाकडेच नव्हतं."

"मंग बरा." तिने सुस्कारा सोडला आणि माझा हात हातात घेतला. "मी उगाच तुमाला बाजारात नाय नाय ते बोलले. माफ करा मला."