रॉकेटबाईंचं मैदान

डॉ. वसुधाताईंच्या अमृतमहोत्सवानिमित्त गौरवाचे चार शब्द लिहिण्याआधी एक तक्रार नोंदवणं मला भाग आहे. त्यांच्यामुळे माझी दिवाळीत शिवलेली पँट मागून उसवली. शिंपी म्हणाला, "साहेब, हे शिवणाचं नाही, बांधकामाचं काम आहे."

घडलं असं. ताई निवृत्त अवकाश शास्त्रज्ञ. त्यांची मुलाखत घ्यायला मी आमच्या नाशिकच्या एका शाळेच्या मैदानावर गेलो. गळ्यात शिट्टी, पायांत पांढरे कापडी बूट अशा एक बाई फक्कीने रेषा आखत होत्या.

"डॉक्टर कुठे भेटतील?"

"भेटतील. आधी बसा. खो-खोला एक जण कमी आहे."

मी उकिडवा बसलो. पँटने तिथेच राम म्हटला. मागून पावलं ऐकू आली तसा उठलोही. शिट्टी वाजली.

"फाऊल! खो कुठे मिळाला होता?"

"रॉकेटबाई, काका लयच घाईत हायेत!" मुली खिदळल्या.

"रॉकेटलाही घाई चालत नाही," ताई मला म्हणाल्या. "खालचा टप्पा सुटल्याशिवाय वरच्याने पेटायचं नाही. आधी पेटला तर सगळंच गेलं." हे टप्पे सुखरूप वेगळे करण्यात ताईंची उभी हयात गेली, हे मला पँट गमावून कळलं.

येवल्याच्या विणकर घरातून ताई दक्षिणेतल्या अवकाश केंद्रात गेल्या, तेव्हा ट्रंकेत पुस्तकांखाली खेळाचे बूट होते. एकदा एक चाचणी फसली. सहकारी एकमेकांची नजर चुकवू लागले. ताईंनी कँटीनमागे रेषा आखल्या आणि भल्याभल्यांना उकिडवं बसवलं.

"मग दोष सापडला?" मी विचारलं.

"छे हो! तो पुढे कधीतरी. पण माणसं बोलायला लागली होती, म्हणून सापडला."

पुढे माझी लेक सई ताईंच्याच मैदानावर खेळू लागली. ती बारावीत जाताच मी तिचा खेळ बंद केला. पोर तासन्‌तास पुस्तकासमोर बसायची, पान मात्र उलटायची नाही. जेवतानाही बोलेनाशी झाली. माझ्या विनोदांवर ती पूर्वीही हसत नसे. आता रागावेनाशीही झाली, तेव्हा मी धास्तावलो.

ताईंच्या कानावर हे गेलं. त्या घरी आल्या, चहा घेतला आणि सईला म्हणाल्या, "फिजिक्स आण गं." मैदानाचं नावही काढलं नाही. मग रोज दुपारी येऊन शिकवू लागल्या. पानं उलटू लागली. ताटावर मात्र शांतताच.

"ताई, फी सांगा," मी म्हटलं.

"तिची संध्याकाळ द्या."

"परीक्षा होऊ द्या, ताई."

"थांबते की. पंच्याहत्तरच तर झालीत."

त्या हसल्या. मला काही हसू आलं नाही.

आताशा ताई खांबाला वळसा कसा घालायचा हे दाखवताना खांब धरून वळतात. तो वळसा पूर्ण होईपर्यंत एकही मुलगी जागची हलत नाही. असा मान मी कुठल्या सभागृहात पाहिलेला नाही. ताईंचे गुडघे कुरकुर न करोत, शिट्टीला दम पुरो आणि शंभरीतही त्यांनी आम्हाला फाऊल देत राहावं, ही मनापासून प्रार्थना.

एवढं लिहून उठलो. ऊन उतरलं होतं. माळ्यावरून सईचे बूट काढले, धूळ झटकली, दारात ठेवले.

"सई," मी आत हाक दिली, "जाताना दार ओढून घे."